राखाडी, पण कुणाच्या चुलीतली?

सकाळी सकाळी शेजारी दार वाजवून काय मागतात? वाटीभर साखर, चमचाभर विरजण, फार तर कालचा पेपर. आमचे मुळे मास्तर राख मागायचे.

"वहिनी, आज बाभळीची आहे का लिंबाची?"

"मास्तर, निदान पाडव्याच्या दिवशी तरी दारात राख मागू नका हो!"

"अहो, सणाला लाकूड कडकडीत जळतं. राख कशी स्वच्छ पडते. सणाचीच तर पाहिजे!"

आणि पितळी वाटी पुढे. आता अशा माणसापुढे काय कपाळ फोडायचं? मी मुकाट्याने चुलीतली राख काढून द्यायची.

मास्तर नगरच्या एका शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून पेन्शनीत निघालेले. दिल्ली दरवाजाच्या आत आमची नि त्यांची भिंतीला भिंत होती. बायको फार पूर्वी गेली. एकुलती एक मुलगी, कुमुद, लग्न होऊन आफ्रिकेत नैरोबीला. त्यामुळे घरात मास्तर, एक स्टोव्ह आणि एक बोट.

खरी बोट नव्हे बाई! नगरात बोट चालवायची कुठे, सीना नदीत? तिथे पावसाळा सोडला तर म्हशीचे गुडघे भिजत नाहीत. मास्तरांची बोट पांगाऱ्याच्या लाकडाची, हातभर लांब. कुमुद ज्या बोटीने गेली तिची हुबेहूब नक्कल. शिड्या, खिडक्या, चिलमीएवढं धुराडं, सगळं सहा महिन्यांत तयार झालं. राहिला फक्त रंग. तो काही चार वर्षं झाला नाही.

लढाईचे दिवस होते. शत्रूच्या नजरेत भरू नयेत म्हणून बोटींना राखाडी रंग फासत असत. "मग लावून टाका की राखाडी," असं मी एकदा म्हटलं आणि फसले.

"राखाडी? कुणाच्या चुलीतली?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या घरात कुणी म्हणालं, आभाळ करडं दिसतंय, की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "करडं म्हणजे कुठलं करडं?" जस्ताचा पांढरा, दिव्याचं काजळ, जवसाचं तेल आणि चाळलेली राख एवढ्यावर त्यांचा कारखाना चाले. लाकडाच्या बोटभर पट्टीवर रंग लावायचा आणि मागे त्याचं नाव लिहायचं. 'पारवा, मानेखालचा.' 'मुलाण्याची बकरी, पोट.' 'वहिनींची चूल, बाभूळ.' एकदा सत्यनारायणाला ते आमच्या मामंजींच्या मागे बसले होते. कथा संपेपर्यंत मामंजींच्या टकलाभोवतीच्या केसांना चोरून पट्टी लावून बघत होते. मामंजींना वाटलं माशी बसतेय.

"ओला असतो तोवर जुळतो हो," मास्तर म्हणायचे, "वाळला की बेइमान होतो. शिवाय बोट लहान केली तर रंगही लहान करावा लागतो. लांबची वस्तू फिकी दिसते."

रंग लहान करायचा! मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगते, ते बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटे. दिवसभरात दुसरं कोण होतं त्यांच्याशी बोलायला?

कुमुद माझ्यासमोर वाढली. लग्न ठरलं तेव्हा एकदाच तिने विचारलं होतं, "नाना, एवढ्या लांब का देताय मला?" मुलगा चांगला होता, रेल्वेत होता, एवढंच मास्तरांना कळत होतं. पोर रुसली ती रुसलीच. गोदीवर निरोप देताना बापलेकीत चकार शब्द झाला नाही म्हणे. 'सुखरूप पोचले' असं एक कार्ड आलं, आणि मग आठ महिने काही नाही. मास्तरांनी खुशालीची चार पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मास्तर उगाच दारातल्या तुळशीला पाणी घालत उभे राहायचे. तुळस कुजायची वेळ आली.

मग पाचव्या पत्रात त्यांनी खुशालीबिशाली काही लिहिली नाही. सरळ विचारलं, 'तुझ्या बोटीचा रंग नक्की कसा होता? मला जुळवता येत नाही.'

आणि उत्तर आलं! चांगलं चार पानी! टोपीशिवाय उंबरा न ओलांडणारा हा माणूस बोडक्या डोक्याने आमच्या स्वयंपाकघरापर्यंत धावत आला. पत्रात कुमुदने तिथला पाऊस, शेजारीण, करपलेली पहिली भाकरी, सगळं लिहिलं होतं. फक्त जिथे रंग लिहिला होता तिथे सरकारच्या माणसाने पत्र उघडून कात्री चालवलेली. 'नाना, बोट अगदी' आणि पुढे चौकोनी भोक, आणि मग 'सारखी होती.'

मास्तर ते भोक एकेका पट्टीवर ठेवून बघत बसले. मग त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा कळवलं. पुन्हा भोक. अशी सहा पत्रं झाली आणि सातव्या वेळी पत्राऐवजी हवालदार आला.

बोटींच्या रंगाची एवढी चौकशी नगरात बसून कोण करतोय, म्हणून वरून विचारणा झाली होती. हवालदाराने पट्ट्या उलटसुलट करून वाचल्या आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, खरं सांगा. ह्ये मुलाण्याची बकरी म्हंजी कोन? मोठी बोट हाय का ल्हान?"

"बकरी म्हणजे बकरी!"

"आन ह्या वहिनी?"

"त्या बघा, दारात उभ्या आहेत!"

मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. अर्ध्या तासाने बघते तर हवालदार चहा पीत मास्तरांना सांगतोय, "त्ये समदं ऱ्हाऊ द्या. आमच्या फौजदाराची घोडी बगा एकडाव. लई झ्याक रंग हाय, असा कुटंच घावायचा न्हाई." दुसऱ्या दिवशी घोडीच्या शेपटीचे चार केस कागदात बांधून तो स्वतः देऊन गेला. त्याची पट्टी झाली, हे सांगायला नकोच.

लढाई संपली. बोटी पुन्हा पांढऱ्या करायला घेतल्यात असं माझ्या दादाने लिहिलं. दादा मुंबईला गोदीत कारकून. माझ्या मनात आलं, मेलं एकदा हे राखप्रकरण मिटवूनच टाकावं. मास्तरांना पत्ता लागू न देता मी दादाला कुमुदच्या बोटीचं नाव कळवलं. महिन्याभरात नगरला येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर डबा आला, सोबत चिठ्ठी: 'त्याच बोटीचा लढाईतला रंग. रंगाऱ्याकडून स्वतः खात्री करून घेतला.'

चिठ्ठी कमरेला खोचून मी डबा घेऊन गेले, अगदी लढाई मीच जिंकल्यासारखी! "घ्या मास्तर! आता राख बंद!"

मास्तरांनी झाकण उघडलं, काडीने ढवळलं, दोन थेंब पांढरा टाकून एका पट्टीला लावलं. वाळेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो. मग त्यांनी पट्टी खिडकीशी धरली, जवळ नेली, लांब नेली.

"हाच," ते म्हणाले.

मला वाटलं उठून नाचतील. तर त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली आणि डब्याचं झाकण परत लावलं.

"फार उपकार झाले, वहिनी," ते म्हणाले. "पण आता तिला विचारू काय?"

शिकलेली बाई मी, इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि एवढं माझ्या डोक्यात शिरू नये! मी कसंबसं म्हटलं, "मास्तर, आठवण येते असं लिहा की. लेक आहे तुमची."

"तसं लिहून कसं चालेल?" ते म्हणाले. "आठवण येते म्हटल्यावर तिने त्याला उत्तर काय द्यायचं? नाहीतर पुन्हा जुनं सगळं निघेल, का पाठवलंत म्हणून. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. रंगाचं बरं असतं. विचारता येतं, सांगता येतं."

मला रडूच यायला लागलं. पण रडून उपयोग नव्हता. मी डबा ओढून घेतला.

"अहो मास्तर, सांगायचंच राहिलं! दादाची मागाहून चिठ्ठी आली. घोटाळा झाला म्हणे. डबा दुसऱ्याच बोटीचा आला."

"दुसऱ्या बोटीचा?"

"दुसऱ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या पट्टीकडे. रंगाच्या बाबतीत ती नजर जन्मात कधी फसली नव्हती.

"तरीच," मास्तर म्हणाले आणि दौत पुढे ओढली. "मला जरा निळसर वाटतच होता."