निर्वात साधन, नग एक

भिवंडीत रोज लाखो मीटर कापड निघते आणि ते विणणाऱ्यांपैकी एकाकडेही आपल्याला विणता येते असे प्रमाणपत्र नाही, ही गंभीर बाब १९७३ साली सरकारच्या लक्षात आली. त्याच सुमारास दुसऱ्या एका टेबलावर अशी नोंद झाली की जिल्ह्यातल्या पदवीधरांकडे प्रमाणपत्रे भरपूर आहेत, पण त्यांना येत काहीच नाही. कोणा कल्पक अधिकाऱ्याने दोन्ही फायली एकाच दोरीने बांधल्या आणि 'सुशिक्षित बेरोजगार यंत्रमाग प्रशिक्षण केंद्र' जन्माला आले. ज्यांना काम येते त्यांना प्रमाणपत्र देणे सोपे गेले असते. पण सोप्या कामाला अनुदान मिळत नाही, म्हणून ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांना काम शिकवायचे ठरले.

केंद्राचा निदेशक म्हणून माझी नेमणूक झाली. मी केसरीनाथ बाळाराम, राहणार टेमघर, बी.ए., दुसरा वर्ग, विषय इतिहास. जाहिरातीत 'पदवीधर असावा' एवढेच म्हटले होते, मागाविषयी अवाक्षर नव्हते. मुलाखतीत मला पानिपतच्या तिसऱ्या लढाईची कारणे विचारली. मी सात सांगितली. आठ सांगणारा उमेदवार बँकेत लागला, म्हणून जागा मला मिळाली.

मागाशी माझा संबंध अगदीच नव्हता असे नाही. वडिलांनी आमच्या भातशेतीच्या कडेला पत्र्याचा गाळा बांधून कापडवाल्याला भाड्याने दिला होता. त्यात बारा माग खडखडत, आणि तो खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोळे घालून मी बी.ए.चा अभ्यास केला. त्या गाळ्यात नामा होता. अकलोलीकडचा, चौथीत शाळा सोडलेला, चौदा वर्षे माग चालवणारा कारीगर. मी लहानपणापासून त्याला नामादादा म्हणत असे.

नामाला खोकला लागला होता. बारा-बारा तासांची ड्युटी, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. डॉक्टरने सांगितले होते, असेच चालले तर छाती टिकायची नाही. माझी नेमणूक झाल्याचे कळताच त्याची बायको ठकुबाई आमच्या दारात आली.

"केसरीदादा, यांना तुमच्या सरकारी कारखान्यात चिकटवा. आठ तासांची ड्युटी, आयतवारची सुटी. मानूस वाचंल माजा."

मी छाती पुढे काढून शब्द दिला. केंद्रात चार माग आहेत, तेव्हा एक कारीगर लागणारच, असा माझा साधा तर्क होता. नोकरीत मी नवीन होतो.

मंजूर पदांच्या यादीत निदेशक, लिपिक, शिपाई आणि पहारेकरी होते. माग चालवता येणाऱ्याचे पद नव्हते. मी वर विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की माग चालवायचे केंद्रात शिकवले जाणार असल्याने ते आधीच येणाऱ्या माणसाची गरज नाही. शेवटी नामाला मी रोजंदारीवर झाडू मारायला घेतला. "तूर्त हे कर," मी म्हणालो, "पद निघालं की तुला कायम करतो." त्या दिवसापासून मी त्याला नामा म्हणू लागलो आणि तो मला मास्तर.

पहिल्या तुकडीत वीस पदवीधर आले. पहिले सहा महिने लेखी अभ्यास झाला, कारण मागांना वीज जोडायची राहिली होती. मुलांनी धोट्याच्या आकृत्या काढल्या. आडवा दोरा पोटात घेऊन मागात इकडून तिकडे धावणारा लाकडाचा तुकडा, तो धोटा. काळूराम नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या बी.एस्सी.ने त्याचा उभा छेद, भागांना नावे देऊन, छटा भरून इतका सुरेख काढला की आता ह्याला पाकळ्या फुटणार असे वाटावे. मी त्याला दहापैकी दहा दिले. खरा धोटा कपाटात कुलूपबंद होता.

सातव्या महिन्यात वीज आली. नामाने झाडू बाजूला ठेवून चारही माग सुरू करून दिले. चार-पाच मिनिटे सगळे सुरळीत चालले. मग धोट्यांतल्या कांड्यांवरचे सूत संपले आणि माग थांबले. नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागते. भिवंडीतला कोणताही कारीगर त्या छिद्राला ओठ लावतो, श्वास आत ओढतो आणि दोरा बाहेर येतो. दोन सेकंदांचे काम. आमच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या प्रकरणात मात्र लिहिले होते, 'सुताचे टोक निर्वात साधनाच्या साहाय्याने बाहेर घ्यावे.'

भांडारात निर्वात साधन नव्हते. मी मागणीपत्र पाठवले. तोवर काय करायचे, असा प्रश्न मुलांना पडला.

"तोंडानं ओढा," नामा म्हणाला. "ह्यो असा." आणि त्याने ओढून दाखवले.

काळूराम दोन पावले मागे सरला. "अहो, उष्टा झाला की धोटा!"

वीस पदवीधरांनी एकमताने नाके मुरडली. मधल्या सुटीत हीच मंडळी चौघांत एक बिडी ओढत. पण बिडीची गोष्ट वेगळी, ती अभ्यासक्रमात नव्हती.

तोडगा मीच काढला. चार मागांच्या मधोमध स्टूल ठेवून त्यावर नामाला बसवला. सूत संपले की मुले धोटा त्याच्यापुढे धरत, तो दोरा ओढून देई, आणि मुले वहीत लिहीत, 'निर्वात साधन वापरले.' दिवसाला पाचशे-सहाशे वेळा तो श्वास आत ओढी आणि मधल्या वेळात खोके.

वर्षाअखेर तपासणी अधिकारी आले. वह्या चाळून ते म्हणाले, "निर्वात साधन वापरात दिसतंय. जडसंग्रह नोंदवहीत कुठं आहे?"

मी स्टुलाकडे बोट दाखवले.

"म्हणजे विनानोंद वापरताय?"

"तो रोजंदारीवर आहे, साहेब."

"ते काही असो. सरकारी जागेत वापरात असलेलं साधन नोंदवलंच पाहिजे. उद्या हरवलं तर जबाबदार कोण?"

मी नोंद केली. 'निर्वात साधन, नग एक. स्थिती : चालू. किंचित खोकते.' साहेबांनी सही केली.

दरम्यान पहिली तुकडी शंभर टक्के उत्तीर्ण झाली. काळूरामला घेऊन मी अन्सारी शेठच्या कारखान्यात गेलो. शेठनी प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिले. "छपाई बहुत उमदा है," ते म्हणाले, आणि काळूरामच्या हातात एक धोटा दिला. "कांडी डाल के दिखाओ, बेटा."

काळूरामने चहूकडे पाहिले. "निर्वात साधन आहे का?"

"मास्टरजी, ये क्या माँगता है?"

मी समजावून सांगितले. शेठनी आम्हाला चहा पाजला आणि प्रमाणपत्र जपून परत दिले. "इसको फ्रेम करवाओ, भीगना नहीं चाहिए. और वो आपका झाडूवाला है ना, नामा? उसको भेज दो. सिर्फ दिन की शिफ्ट दूँगा."

मी हे नामाला सांगितले. दिवसपाळी त्याला हवीच होती. पण तो हसला. "नको मास्तर. आता पद निघंल न. तुमी शब्द दिलाय." मी त्याला 'जा' म्हणायला हवे होते. तो गेला असता तर माझे चारही माग बंद पडले असते, म्हणून मी म्हणालो, "निघेल, निघेल."

उरलेल्या एकोणीस मुलांनाही भिवंडीत कोणी उभे केले नाही. पण सरकारने घाबरून न जाता आणखी एकोणीस गावांत केंद्रे उघडली आणि त्यांना तिथे निदेशक नेमले. अहवालात शंभर टक्के रोजगार लागला. काळूराम तेवढा राहिला, कारण विसावे गाव सापडले नाही.

पुढच्या तपासणीला दुसरे साहेब आले आणि त्यांनी हरकत घेतली. हाडामांसाचा माणूस जडसंग्रहात बसत नाही. एक तर साधन विकत घ्या, नाही तर पद निर्माण करा. साधन कुठे मिळते हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे पदाचा प्रस्ताव गेला आणि दीड वर्षाने चक्क मंजूर होऊन आला. 'चूषण सहाय्यक, पद एक, कायम, निवृत्तिवेतनासह.' मला मनापासून आनंद झाला. मी धावत जाऊन नामाला कागद दाखवला. ठकुबाईने दुसऱ्याच दिवशी वज्रेश्वरीला जाऊन नारळ फोडला.

कागदाचे दुसरे पान टपालाने मागून आले. 'पात्रता : पदवीधर असावा. ह्या केंद्राचे प्रमाणपत्र आवश्यक. अनुभव असल्यास हरकत नाही.'

मी पत्र लिहिले की सदर काम सदर इसमच पहिल्यापासून करीत आहे, तरी अट शिथिल करावी. उत्तर आले, 'सदर इसम पात्रता नसताना सदर काम करीत असल्याची बाब आपण स्वतःहून निदर्शनास आणल्याबद्दल आभार. असे का घडू दिले, त्याचा खुलासा सात दिवसांत करावा.' माझी स्वतःची नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी खुलासा केला. दुसरे पत्र लिहिले नाही.

मुलाखतीला नामालाही 'सहानुभूतीपूर्वक' बोलावले होते. तो धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून आला. टेबलामागे मधे साहेब, उजवीकडे मी आणि डावीकडे गावातले एक प्रतिष्ठित नागरिक. आधी काळूराम आत आला.

"चूषण म्हणजे काय?" साहेबांनी विचारले.

"दोन ठिकाणच्या दाबांतील फरकामुळे पदार्थाचं जास्त दाबाकडून कमी दाबाकडे होणारं वहन."

"उत्तम. करून दाखवाल?"

"प्रात्यक्षिक ऐच्छिक होतं, साहेब. मी आकृती घेतली होती."

मग नामा आला. त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो माझ्याकडे बघू लागला. मी कागदाकडे बघू लागलो.

"मना नाव न्हाय ठावं, साहेब. धोटा आना, करून दाखवतो."

धोटा आणला. नामाने ओठ लावले, दोरा बाहेर आला. प्रतिष्ठित नागरिकांनी टाळ्या वाजवल्या. "वा! हाडाचा कारीगर आहे! अशी माणसं आता मिळत नाहीत!" मग त्यांनी खिशातून पेन काढून गुणपत्रक भरले. व्याख्येला चाळीस गुण, आकृतीला चाळीस, सामान्य ज्ञानाला पंधरा आणि प्रात्यक्षिकाला पाच. नामाला प्रात्यक्षिकात पाचपैकी पाच मिळाले. तिघांनीही त्याच्यावर अन्याय होऊ दिला नाही.

काळूराम रुजू झाला. पहिल्या दिवशी त्याने प्रामाणिकपणे एकदा दोरा ओढून पाहिला. कापसाचे बारीक तंतू घशात गेले, ठसका लागला, आणि तो वैद्यकीय रजेवर गेला. परतल्यावर त्याने लेखी कळवले की कामाचा व्याप पाहता हाताखाली एक रोजंदार द्यावा. मी नामाला दिला. स्टूल तेच होते. काळूरामसाठी टेबल-खुर्ची आली, आणि तो नामाने किती वेळा श्वास ओढला त्याची नोंद ठेवू लागला. त्याच महिन्यात मला कायम केल्याचा आदेश मिळाला. मला लाज वाटली. आदेश मिळाल्यावर वाटली, हेही सांगून टाकतो.

केंद्र सुटल्यावर नामा सायकलला टेकून उभा होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "नामादादा, माझं चुकलं." कितीतरी दिवसांनी तो शब्द तोंडात आला.

"तुमचं कशाला चुकंल? कागूद न्हाय माज्याकडं, त्याला तुमी काय करनार?" खोकल्याची उबळ जाईपर्यंत तो थांबला. "पन मी इचार केलाय मास्तर. माजी काशी यंदा आठवीत गेली. हुशार हाय. तिला बी.ए. करतो. मंग तुमची परीक्षा देईल ती. ही जागा तिला भेटंल न?"

"मिळेल की. तिला धोट्यातून दोरा ओढता येतो?"

नामा दचकलाच. "न्हाय वो! मी मागाच्या जवळ उभी न्हाय करत तिला. एकदा धोटा उचललान हातात, तं थोबाडीत दिली मी. ह्ये शिकली तं बी.ए. कवा व्हनार?"

माझ्या वडिलांनी मला कधी भातखाचरात पाय घालू दिला नव्हता, आणि मी ती गोष्ट चारचौघांत कौतुकाने सांगत आलो आहे. तुमच्या वडिलांनी तुम्हाला कशाला हात लावू दिला नव्हता, ते एकदा आठवून बघा. तुम्ही मुलांना कशाला हात लावू देत नाही, तेही. मुलगा यंदा पदवीधर झाला असेल तर त्याचा अर्ज पाठवून द्या. काळूरामला बढती मिळाली आहे, जागा रिकामी आहे, आणि मुलाला काही येत नसले तरी काळजी करू नका. काम नामा करतोच.