पिवळी, बावीस बन आणि मी

ओइवांची गाडी कशी सुरू करायची हे आमच्या गावात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तीस वर्षं मी तिच्या शेजारी उभा होतो. ओइवा, म्हणजे माझे सासरे, तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसायचे आणि मी टॉर्च धरायचो. "जरा डावीकडे." "जरा वर." "माझ्या डोळ्यात नको, इंजिनात." तीस वर्षांत आमचं बोलणं झालं ते एवढंच. पण टॉर्च धरणारा काही डोळे मिटून उभा नसतो. सगळं बघून ठेवलं होतं.

गाडी म्हणजे बर्फावरची. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, बसायला लांब गादी आणि गादीवर ओइवांनी खिळ्यांनी ठोकलेलं रेनडिअरचं कातडं. जन्म एकोणऐंशीचा, रंग पिवळा, म्हणून नाव पिवळी. ओइवा जाऊन दोन हिवाळे झाले होते आणि दोन्ही हिवाळे ती शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती.

शुक्रवारी जेवताना मी जाहीर केलं, "उद्या दुपारच्या कॉफीपर्यंत पिवळी अंगणात धूर सोडत असेल."

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिचं नाव सिनिक्का, आणि ती बघते तेव्हा मला उगीचच खिसे चाचपावेसे वाटतात.

"शेजारच्या ताइस्तोला बोलाव," ती म्हणाली.

"कशाला? टॉर्च धरायला?"

घाई होती ती सासूबाईंसाठी. लेंपीआईंचं वय ब्याऐंशी. मंगळवारी रोवानिएमीच्या इस्पितळात त्यांचा खुबा बदलायचा होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यानंतर पाय फाकवून कशावरही बसायचं नाही. दर एप्रिलमध्ये ओइवा त्यांना मागे बसवून गोठलेलं सरोवर ओलांडायचे, पलीकडच्या आपल्या झोपडीवर न्यायचे. बर्फाला भोक पाडून मासे धरायचे, सॉसेज भाजायचं आणि संध्याकाळी तोंडं लाल करून परत यायचं. हाताशी एकच रविवार उरला होता.

"ताइस्तोची नवी गाडी मागू या ना आई," सिनिक्का म्हणाली. "तिला पाठ टेकायला आहे, हात शेकायलाही आहे."

"मग घरीच बसते की," सासूबाई म्हणाल्या. "इथेही पाठ टेकायला आहे, शेकायलाही आहे."

शनिवारी सकाळी सासूबाई पायरीवर खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर घोंगडी, बाजूला काठी. "आई, तुम्ही काही करायचं नाही," मी म्हणालो. "फक्त बसा आणि बघा."

त्यांनी मान डोलावली. बसल्या. बघत राहिल्या.

मी जुनं पेट्रोल काढलं, नवं घातलं, दोरीची मूठ धरली आणि ओढली. गावातलं दुकान एकतीस वर्षं चालवलंय मी, मोजल्याशिवाय हात चालत नाही. चाळीस वेळा ओढली. पिवळी खोकलीसुद्धा नाही. प्लग काढून पाहिले, दोन्ही ओलेचिंब. म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. म्हणजे दोष कार्बोरेटरचा. ओइवा नेमके अशा वेळी 'हं' म्हणायचे. मीही 'हं' म्हणालो.

"काही कळलं का जावईबापू?" पायरीवरून आवाज आला.

"सगळं कळलं."

कार्बोरेटर उघड्यावर, उणे आठ अंशांत, खोलता येत नाही. बोटं गळून पडतात. म्हणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाईंचं वेलदोडा घालून मळलेलं पीठ फुगून बसलं होतं. रविवारी झोपडीवर न्यायचे बन. मी वर्तमानपत्र पसरलं, भाग रांगेत मांडले आणि सगळ्यात लहान भाग, पितळेचा जेट, हरवू नये म्हणून एका वाटीत ठेवला. तांदळाच्या चार दाण्यांएवढा असतो तो, पण इंजिनाचा सगळा घास त्याच्या भोकातून जातो.

मी ब्रश शोधायला शेडमध्ये गेलो. अर्ध्या तासाने परत येतो तर सासूबाईंनी बनांचे गोळे करून, वर जाड साखर शिंपडून, तबक ओव्हनमध्ये सारलेलं. साखर त्याच वाटीतली. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात वाटी रोजची. त्यांनी साखर जेटवरच ओतली होती आणि आता वाटी रिकामी होती.

मी ओव्हनच्या काचेतून आत पाहिलं. बावीस बन. रांगेने मांडलेले, सोनेरी होत चाललेले, एकसारखे निष्पाप.

सिनिक्काला बाजूला घेऊन सांगितलं.

"फोड सगळे," ती म्हणाली.

"माझे बन कुणी फोडायचे नाहीत," पलीकडून सासूबाई म्हणाल्या. मोतीबिंदू डोळ्यांत होता, कानांत नव्हता. "बन खायची वस्तू आहे. खा आणि शोधा."

तिघांत बावीस बन म्हणजे माणशी सात आणि वर एक. सासूबाई दोनाच्या पुढे जात नाहीत. सिनिक्काने निमूटपणे ताइस्तोच्या घरी फोन लावला. फोन औनेने, त्याच्या बायकोने, घेतला. मी कान देऊन ऐकत होतो. सिनिक्का म्हणाली, "आजच या. आईने केलेले बन आहेत, खायलाच हवेत. उद्यापर्यंत थांबता येणार नाही. कारण आल्यावर सांगते."

आमच्या गावात फोनवर याहून जास्त कुणी बोलत नाही आणि याहून जास्त कुणी विचारतही नाही.

वीस मिनिटांनी ताइस्तो आणि औने दारात उभे. ताइस्तो अंत्यविधीला घालतो त्या काळ्या सुटात. औनेच्या हातात पांढऱ्या फुलांची कुंडी. त्यांच्या मागे चर्चच्या गायनमंडळातल्या चार बायका, प्रत्येकीच्या चेहऱ्यावर रविवार.

औनेने कुंडी सासूबाईंच्या हातात दिली आणि त्यांचा हात दाबला. "फार चांगल्या गेल्या लेंपीबाई, तुमच्याबरोबरच्या इतक्या वर्षांच्या संध्याकाळी."

सासूबाईंनी फुलांकडे पाहिलं, मग ताइस्तोच्या टायकडे. "मी खुबा बदलायला चाललेय," त्या म्हणाल्या. "गाव नाही बदलत."

पण आलेल्यांना परत कोण पाठवतं. कॉफी चढली. सगळे टेबलाभोवती बसले. मी उभा राहून सूचना दिली, "हळू चावा. प्रत्येक घास जिभेने तपासून बघा." गायनमंडळाला हा काहीतरी विधीच वाटला असावा. कुणी कारण विचारलं नाही. सहा पाहुणे आणि घरचे तिघे मान खाली घालून इतक्या गंभीरपणे बन चघळत होते की भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने वाजायला लागलं. माझी नोंद अशी: कॉफीचे कप एकतीस, बन अठरा, जेट नाही.

एकोणिसावा ताइस्तोने उचलला. चावला. थांबला. तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. पितळेचा जेट, आणि शेजारी दाढेचा एक तुकडा.

"यातलं तुझं कुठलं?" त्याने विचारलं.

भट्टीतून निघालेला जेट असा लखलखत होता की ब्रशने जन्मात झाला नसता. मी तो बसवला, कार्बोरेटर बंद केला, गाडीवर चढवला. गायनमंडळ अंगणात येऊन उभं राहिलं. मी दोरी ओढली. पंचवीस वेळा. पिवळीने हूं की चूं केलं नाही.

ताइस्तो सुटाच्या खिशात हात घालून बघत होता. त्याच्या अंगणात चार गाड्या आहेत आणि चारही चालतात. पण आमच्याकडे न विचारता सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं. तो मी विचारण्याची वाट बघत होता. मी न विचारण्याचा निश्चय करून ओढत होतो. असा अर्धा तास गेला. बायका थंडीने हळूहळू घरी निघाल्या. औने शेवटची गेली. जाताना पायरीवरच्या कुंडीला पाणी घालून गेली.

शेवटी माझा खांदाच बोलला. "ताइस्तो," मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"मला वाटलं, विचारतोस की नाही," असं म्हणून तो सुटासकट बर्फात गुडघे टेकून बसला. प्लग काढून इंजिनाला टेकवला. "ओढ." मी ओढली. "ठिणगीच नाही रे. कार्बोरेटर काय करील बिचारा." त्याने हँडलवरचं बंद करायचं बटण पाहिलं, ते ठीक होतं. वायर पाहिली, ठीक. मग उठून गुडघे झटकले. "कॉइल गेली असणार. एवढ्या जुन्या गाडीची मिळायला तीन आठवडे."

तीन आठवड्यांत सरोवराचं पाणी होतं.

पायरीवरची खुर्ची रिकामी होती. शनिवार, म्हणजे सौना, आमची वाफेची न्हाणी, तापलेली, आणि आधी बायकांची पाळी. सासूबाई सौनाच्या दाराशी बाकावर बसल्या होत्या, खांद्यावर टॉवेल, हातात अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी. मी त्यांच्यासमोर टोपी काढून उभा राहिलो. हात पेट्रोलने काळे, दाढीत साखर.

"आई, नाही जमलं मला. मी नुसता टॉर्च धरायचो."

"ते मला माहीत आहे."

मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ओइवा काय करायचे हो सुरू करताना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आता कळलं, सिनिक्काचं ते बघणं कुठून आलंय.

"विचारताय का?"

"विचारतोय."

काठी टेकत त्या अंगणात आल्या. पिवळीजवळ थांबल्या. गादीच्या मागच्या टोकाला, जिथे मागे बसणाऱ्याने धरायचा पट्टा असतो, तिथे कातड्याची कड थोडी सुटी होती. त्यांनी बोटं खाली घातली, पण लगेच काही केलं नाही.

"सत्त्याऐंशी साली कुणीतरी गाडी न विचारता नाचायला घेऊन गेलं होतं," त्या म्हणाल्या. ताइस्तो आपल्या बुटांकडे बघू लागला. "तेव्हा यांनी इथे बंद करायचं एक जास्तीचं बटण लपवून बसवलं. उतरले की हे दाबायचे. निघताना मागे बसून मी वर ओढायचे. हे म्हणायचे, तुझ्याशिवाय ही सुरू व्हायची नाही."

"मग सकाळपासून सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, बसा आणि बघा." मग जरा थांबून, "आणि हे त्यांनी दाबलेलं होतं. शेवटचं. मी वर ओढलं की ते गेलं."

सौनाच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता.

"शिवाय," त्या म्हणाल्या, "दोन वर्षांत एवढी माणसं अंगणात आली नव्हती." आणि कातड्याखाली टक् असा आवाज झाला.

"ओढा."

दुसऱ्या झटक्याला पिवळीने निळा धूर सोडला. ताइस्तोचा सूट पार वाया गेला.

रविवारी ऊन होतं. मी पुढे, लेंपीआई मागे, खिशात उरलेले तीन बन. झोपडीशी पोचल्यावर मी इंजिन बंद केलं, उतरलो, आणि थोडा विचार करून कातड्याखाली हात घातला आणि ते बटण दाबलं. त्यांनी पाहिलं. आम्ही भोक पाडलं, दोन मासे मिळाले. तिसरा बन त्यांनी झोपडीच्या उंबऱ्यावर ठेवला. पक्ष्यांसाठी, म्हणाल्या.

निघताना त्या मागे बसल्या आणि मी दोरी ओढली. ओढली, ओढली. अकरा वेळा. घाम फुटला. काल तर सुरू झाली होती! प्लग काढायला पाना हातात घेतला. मागे लेंपीआई उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून बसल्या होत्या, हात पट्ट्यावर, अजिबात घाई नसलेल्या माणसासारख्या.

तेव्हा मला आठवलं. खरं सांगायचं तर सातव्या झटक्यालाच आठवलं होतं. पण ऊन चांगलं होतं.

"आई," शेवटी मी म्हणालो.

"विचारताय का?"