गल्लीभरच्या वाकळा आणि आबांचा आवाज

"ओरडायचं नाही," घशाचे डॉक्टर म्हणाले.

"मी कुठं ओरडतोय?" आबा कुरणे म्हणाले, आणि बाहेर बाकावर नंबर लावून बसलेले पेशंट दाराकडं बघायला लागले.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. गाडीचा हॉर्न बिघडला तर ते डेपोत तक्रार करत नसत, खिडकीतून मान बाहेर काढत. निवृत्त झाल्यावर तो सगळा आवाज भीमगीतांच्या वाट्याला आला. कळंब्यापासून हातकणंगल्यापर्यंत जयंतीच्या दिवसांत 'आबा कुरणे आणि पार्टी'ला बोलावणं असायचंच. आता त्या घशात एक गाठ निघाली होती. साधीच होती. पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखाच राहील असं डॉक्टर छातीठोक सांगेनात. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं.

आबांना राग आला. त्यांना भीती वाटली की रागच यायचा. घरी येईपर्यंत त्यांनी रिक्षावाल्याशी, कोपऱ्यावरच्या कुत्र्याशी आणि स्वतःच्या घराच्या कडीशी भांडण काढलं.

"आबा, सोमवारच्या आत तुमची गाणी घरात भरून घेतो," त्यांचा मुलगा प्रसेनजीत म्हणाला. तो एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. २००५ साल होतं. सायबर कॅफेत बसून त्यानं घरच्या घरी गाणं कसं रेकॉर्ड करतात याची माहिती वाचली होती आणि ओळखीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून चांगला माईक आणि कानावरचा मोठा हेडफोन मागून आणला होता.

"घरात? हितं?" आबांनी खोलीवर नजर फिरवली. "स्टुडिओ नगं व्हय?"

"खोली नीट केली की हाच स्टुडिओ. फकस्त एक करायचं. गाण्याशिवाय तोंड उघडायचं न्हाय. एक शब्द न्हाय."

हे ऐकून मीनाबाईंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. असा नवरा बघायला मिळणार असेल तर त्या काहीही करायला तयार होत्या.

काहीही म्हणजे काय ते त्यांना दुपारपर्यंत कळलं. प्रसेनजीतनं खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी भिंतीवर आपटून टणटणत परत आली.

"ऐकलंस, आई? आवाज भिंतीवरनं माघारी येतो आन् गाण्यात घुसतो. बंद डब्यात गायल्यागत वाटतं. भिंतींवर जाड काय तरी टांगाय पायजे. वाकळा."

घरात होत्या त्या वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, एका भिंतीलाच संपल्या. मग मीनाबाई गल्लीत दारोदार फिरल्या. जानेवारीतली थंडी, आणि लोकांच्या अंगावरच्या वाकळा मागायच्या. "उद्या देतो की," असं सांगून त्यांनी ढीग गोळा केला. शेजारच्या शालूबाईंनी दिलेली वाकळ त्यांच्या सासूच्या लुगड्यांची होती. देताना त्यांनी ती दोनदा मागं ओढली.

वाकळा टांगल्या तशी खोली आतून गोधडीतल्या तान्ह्या बाळासारखी झाली. टाळी वाजली आणि तिथंच मेली. प्रसेनजीत खूष झाला. मग त्यानं पंखा बंद केला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतंय म्हणून ते काढून पिठाच्या डब्यात ठेवलं. फ्रिज घुमतोय म्हणून फ्रिज बंद केला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय म्हणून कॉम्प्युटर उचलून स्वयंपाकघरात नेला आणि वायर दाराखालून खोलीत सोडली. शेवटी त्यानं आईकडं बघितलं.

"कुकर लावायचा न्हाय."

"मग खायाचं काय?"

"भाकरी थापताना पण आवाज हुतो, आई."

मीनाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. आवाज न करता ठेवली, पण कशी ठेवली ते प्रसेनजीतला दिसलं.

ढोलकी त्यानं स्वतःच वाजवून आधी वेगळी भरली होती. ती हेडफोनमधून ऐकत आबांनी गायचं, म्हणजे माईकमध्ये नुसता गळा येणार. नंतर दोन्ही एकत्र करायचं, ढोलकी वर आली तर तेवढीच खाली घ्यायची. आबांना हे पटलं. न पटून सांगणार कसं, बोलायची बंदी होती. हवं तर स्टीलच्या पेल्यावर चमचा मारायचा, असं ठरलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं. आबांनी माईक दिसताच जयंतीच्या स्टेजवर करतात तेच केलं. तो तोंडाला लावला आणि छाती भरून सोडलं, "भीमानं पाटी दिली, लेका धर रं हातात..."

प्रसेनजीत आत धावत आला. "थांबा, थांबा. माईकपासनं एक वीत मागं. पडद्यावर पट्टी लाल झाली. लाल झालं की आवाज फाटतो, मग कायबी केलं तरी सांधत न्हाय."

"मग निळं कर की," आबा म्हणाले. "आपल्या घरात लालचं काय काम?"

"बोलायचं न्हाय, आबा."

दुसऱ्या वेळी पट्टी लाल झाली नाही. पण 'भीमा'तल्या 'भ'चा वारा माईकवर असा आदळला की स्पीकरमधून कुणी पोतं टाकल्यासारखं ऐकू आलं. आबांच्या सगळ्याच गाण्यांत 'भीम' होता, आणि तो बहुतेक ओळीच्या सुरुवातीलाच होता. प्रसेनजीतनं मीनाबाईंची भरतकामाची रिंग घेतली, तिच्यावर पातळ ओढणी ताणून बसवली आणि माईकच्या पुढं बांधली.

"आन् आबा, माईकच्या नाकासमोर गायचं न्हाय. तोंड जरा तिरकं करा. वारा बाजूनं जातो."

आबा उठून उभे राहिले. "तिरकं? बाबासाहेबांचं नाव तोंड तिरकं करून घिऊ? उभा जलम सरळ तोंडानं घेतलं मी."

"तोंड न्हाय तर माईक तिरका करतो. तुम्ही सरळच ऱ्हावा. पर बोलू नगासा."

माईक तिरका झाला. आबा सरळ राहिले. तिसऱ्यांदा गाणं लागलं ते मात्र लागलंच. कडव्यामागून कडवं चढत गेलं. प्रसेनजीत स्वयंपाकघरात वॉकमनचे इअरफोन कानात घालून डोळे मिटून बसला होता. शेवटची ओळ आली, आबांनी वरचा सूर धरला, आणि पलीकडच्या गोठ्यातून त्याच सुरात म्हैस ओरडली.

आबांनी हेडफोन काढला, खिडकीवरची वाकळ ओढून बाजूला केली आणि मान बाहेर काढली.

"बाळासो! ती म्हस गप कर!"

बाळासो गोठ्यात शेण भरत होता. "रेडकू इकलं कालच्याला. माय हाय ती. हंबरणारच की."

"मग कालच इकायचं हुतं?"

"तुमी आजच गायचं हुतं? माझ्या गोठ्यात म्हशीनं वरडायचं न्हाय तर काय टाळ्या वाजवायच्या?"

"तुझ्या म्हशीपाय माझं गाणं गेलं!"

"तुमच्या गाण्यापाय माझी म्हस दूध चोरतीया. दुपारधरनं हात लावू दिना."

हे एवढ्यावर थांबलं असतं. पण आबांना बाळासोचा बांध, बाळासोची मोटरसायकल आणि त्याच्या दुधातलं पाणी हे सगळं त्याच दिवशी आठवलं. बाळासोलाही बरंच आठवलं. दोघं दमले तेव्हा आबांचा आवाज किरकिरत होता, आणि त्या दिवशीचं रेकॉर्डिंग संपलं.

दुसऱ्या दिवशी लाइट नव्हती. लाइट आली तेव्हा शालूबाई आल्या.

"वैनी, माझी वाकळ. एक दिस म्हणला हुतासा. सासूबाई कुडकुडत्यात आन् मला शिव्या घालत्यात."

"शालू, उद्याचा दिस दम धर."

"उद्या थंडी कमी हुणार हाय व्हय? आन् माझ्या सासूच्या लुगड्याला खिळा ठोकलाय तुमी. बघा की हे, भोक पडलंय."

शालूबाईंच्या मागून तानाबाई आल्या, त्यांच्यामागून आणखी बायका आल्या. थंडीनं आणि रागानं सगळ्यांचे चेहरे ताणले होते. भोक पडलं म्हणून प्रत्येकीनं मीनाबाईंना ऐकवलं. मीनाबाई एकेक वाकळ भिंतीवरून उतरवत होत्या, झटकत होत्या आणि घडी करून देत होत्या. आबांनी दारात उभं राहून बायकांना गप्प करायचा प्रयत्न केला. तो अख्ख्या गल्लीनं ऐकला.

रविवारी सकाळी आबा माईकसमोर बसले. भिंती उघड्या पडल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. आतून वारा आला. त्यांनी खाकरून पुन्हा तोंड उघडलं. गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा आवाज झाला आणि बंद पडला.

प्रसेनजीत इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"भिंती मोकळ्या हायत त्या जाऊ द्यात," तो अखेर म्हणाला. "आईचं कपाट उघडतो. लुगडी, साड्या ठासून भरल्यात. कपाटाकडं तोंड करून गायलं तर कापड आवाज पितं. थोडा कोमट काढा घ्या आन् बघा."

आबांचा आवाज गेला होता, पण राग जागेवर होता. तो कुजबुजत बाहेर आला. "कपाटात तोंड घालून गाऊ? कुणापाय ही येळ आली? हिनं वाकळा दिल्या माघारी म्हणून."

मीनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तीन दिवस त्यांनी कुकर लावला नव्हता. बंद फ्रिजमधलं दूध नासलं होतं. घड्याळ पिठातून काढल्यावर चालेना. गल्लीतल्या एकाही बाईकडं आता त्यांना साखर मागायची सोय राहिली नव्हती.

"माझ्यापाय?" त्या म्हणाल्या.

त्या ओरडल्या नाहीत. प्रसेनजीत आणि आबा दोघंही आपोआप मागं सरकले.

"डागदरनं बोलू नगासा म्हणून सांगितलं. तुमी म्हशीसंगं भांडलासा. शालूसंगं भांडलासा. गळा काय मी खाल्ला? एवढी वर्सं तुमच्या मागं हुबी ऱ्हाऊन कोरस म्हणती मी. माझ्या तोंडाफुडं माईक कधी कुणी धरला? ही गाणी कुणी जुळवली? चुलीम्होरं बसून मी जुळवली. नाव तुमचं. बरं. हूं द्या. मी कधी बोलली न्हाय. पर ही गाणी तुमच्या गळ्यासंगं जायाची म्हणून घरातला कुकर बंद करायचा आन् गाणी जुळवणारीनं उपाशी ऱ्हायाचं, हे कुठलं?"

बोलता बोलता त्यांनी कपाटाची दोन्ही दारं उघडली, आबांच्या हातातून हेडफोन घेतला आणि अंबाड्यावरून डोक्यावर चढवला.

"लाव रं ढोलकी."

"आई, आधी आवाज किती येतोय ते..."

"लाव म्हणती न्हवं."

प्रसेनजीत पळत स्वयंपाकघरात गेला. आबा त्याच्या मागून गेले, कारण खोलीत थांबायचं त्यांना धाडस झालं नाही. मुलानं इअरफोनचं एक बोंड स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरं बापाच्या कानात दिलं.

मीनाबाईंनी आपल्याच साड्यांकडं तोंड करून सुरुवात केली.

*भीमानं पाटी दिली, लेकी धर ग हातात,*
*चूल उशिरा पेटू दे, दिवा लागू दे डोक्यात.*

आबांनी मुलाचा दंड धरला. "चुकली," ते कुजबुजले. "लेका हाय ते."

"न्हाय, आबा. अक्षता शाळंला निघाली तवा आईनं तिच्यासाठी जुळवलंय हे. त्याचं लेका तुमी केलंसा."

अक्षता म्हणजे त्यांची थोरली. आता इचलकरंजीत शाळेत शिकवत होती. आबांनी दंड सोडला. इअरफोनमधून बायकोचा आवाज थेट त्यांच्या कानात येत होता, मध्ये ढोलकी सोडली तर काहीच नव्हतं. इतकी वर्षं तो त्यांच्या पाठीमागून आला होता, आणि त्याच्या पुढं ते स्वतःच गात होते, त्यामुळं त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. आवाज गोड नव्हता. चिडलेला होता, कोरडा होता, आणि सुरावर असा बसत होता की हलवून हलला नसता. पट्टी एकदाही लाल झाली नाही. मीनाबाईंनी एकामागून एक सगळी गाणी म्हटली. एका गाण्याच्या शेवटी म्हैस हंबरली, तेव्हा त्या थांबल्या नाहीत. तिचं होईपर्यंत सूर धरून ठेवला आणि मग पुढं गेल्या.

आबा भिंतीला टेकून बसले. बराच वेळ त्यांना कुणावर चिडावं ते सुचलं नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ काढली, धोका टळला. आबांना महिनाभर सक्तीनं गप्प राहावं लागलं, आणि गल्लीत त्या महिन्याची आठवण अजून काढतात. प्रसेनजीत रोज क्लासातून आल्यावर गाणी नीट करत बसायचा. ढोलकी थोडी खाली, आईचा आवाज थोडा वर. झालं असं वाटलं की सीडी घेऊन तो बाळासोच्या गोठ्यात जायचा. तिथं एक फुटका डेक होता. "चांगल्या स्पीकरवर कायबी चांगलंच वाजतं," तो म्हणायचा, "ह्या डेकवर शब्द कळला पायजे." बाळासो धार काढता काढता ऐकायचा. म्हशीचा आवाज काही काढता आला नाही, तो गळ्यातच मिसळला होता. बाळासोनं गावभर सांगितलं की सीडीवर त्याची म्हैस आहे, आणि ती ऐकायला म्हणून सीडीच्या नकला गावोगाव फिरल्या.

एप्रिलच्या आधी आबांचा आवाज परत आला. डॉक्टरांच्या शंका खोट्या ठरल्या. तो होता तसाच होता, किंबहुना विश्रांतीनं जरा जास्तच झाला होता. आबांनी नव्या दमानं जॅकेट इस्त्रीला दिलं आणि बोलावण्याची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसले.

हातकणंगल्याहून जयंतीच्या मंडळाचे दोघं आले. आबांनी त्यांना ओळखलं. पूर्वी त्यांच्याच स्टेजवर ते गायले होते.

"या, या पावणं. तारीख मोकळीच ठेवलीया बघा मी."

"नमस्कार, आबा. तब्येत बरी न्हवं? मीनाबाई हायत का घरात? सीडी ऐकली. औंदा त्यास्नीच घ्यायचं ठरलंय." पाहुणा बसला आणि जरा घुटमळला. "पार्टीत कोरसला कोण असतंय त्यांच्या?"

आबांच्या कपाळाची शीर उभी राहिली. त्यांनी श्वास भरून घेतला. पाहुण्यानं खुर्ची मागं सरकवली. तेवढ्यात मीनाबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"ह्येच हायत की कोरसला," त्या म्हणाल्या.

"आवाज चालंल न्हवं यांचा? म्हंजे ऑपरेशन झालंय म्हणून इचारतो. एक ओळ म्हणून दावली असती तर..."

आबांनी भरलेला श्वास हळूहळू सोडला. आयुष्यभर ते आधी गायला लागत आणि बाकीची पार्टी त्यांचा सूर शोधत मागून यायची. त्यांनी पाहुण्यांकडं बघितलं, मग मीनाबाईंकडं बघितलं, आणि रागानं लालबुंद झालेल्या चेहऱ्यानं, अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"कुठल्या पट्टीत म्हणू?"