शांततेच्या घोषणेचे वैद्यकीय लाभ

वैद्यकीय संशोधनाचा अंतिम लाभ रुग्णाला होतो, हे सर्वमान्य आहे. त्याआधीचे लाभ कोणाला होतात, एवढंच नोंदवायचं राहून जातं. म्हणून प्रथम तेच नोंदवू. पोर्ट हॅलोरनच्या सरकारी रुग्णालयातले सहयोगी प्राध्यापक डॉ. डेस्मंड ट्रेगिअर यांच्या पदरात नव्या चाचणीतून पडण्याजोगं होतं ते असं: पूर्ण प्राध्यापकपद, खिडकी असलेली खोली, आणि गाडी लावायला आंब्याच्या सावलीतली जागा. (ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडच्या जानेवारीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, शेवटची बाब पहिली समजावी.)

डेस्मंड यांची कारकीर्द निष्कलंक होती. वीस वर्षांत त्यांनी अपघात आणि अतिदक्षता विभागांतल्या सात उपचारांची कसून परीक्षा घेतली आणि सातही वेळा 'फरक पडत नाही' हे निर्विवाद सिद्ध केलं. सलाइन हे लावा की ते, फरक नाही. रुग्णाला गार ठेवा की कोमट, फरक नाही. विद्यापीठाला त्यांचा अभिमान होता. पण अशा माणसाला बढती दिली काय, न दिली काय, फरक पडणार नाही, असं निवड समितीला वाटू लागलं होतं. वर्षअखेरीच्या जेवणात बारामुंडी माशाचा काटा काढता काढता कुलगुरूंनी प्रेमाने सुचवलं, की एक तरी फरक दाखवा, नाहीतर ती जागा आपण हाडांच्या डॉक्टरांना देऊ.

आता, अपघात विभागात रक्त, मृत्यू, बजेट या सगळ्यांबद्दल मोकळेपणाने बोलतात. एक शब्द मात्र बोलत नाहीत. पाळीच्या सुरुवातीला 'आज शांत आहे' असं कोणी म्हटलं, की तासाभरात तीन ॲम्ब्युलन्स, जेलीफिशने डंखलेला एक पोहणारा आणि कोळंबी बाधलेलं अख्खं लग्न दारात उभं राहतं. (ही अंधश्रद्धा नसून अनुभव आहे, असं प्रत्येक अंधश्रद्धेप्रमाणे इथेही सांगतात.) डेस्मंडनी याच शब्दाची चाचणी घ्यायचं ठरवलं. निम्म्या पाळ्यांना 'आज शांत आहे' म्हणायचं, निम्म्यांना 'आज मंगळवार आहे'. नीतिमत्ता समितीने चौदा महिने विचार केला. शांततेला तिची हरकत नव्हती. पण आठवड्यातले सहा दिवस मंगळवार म्हणणं म्हणजे कर्मचाऱ्यांची फसवणूक, म्हणून तिथे खरा वार घालायला लावला.

मुख्य परिचारिका ग्लेनिस वेकहॅमबाईंनी वाक्य वाचायला साफ नकार दिला. "डेस, राजा, प्रोफेसर तुला व्हायचंय ना? मग तूच बोल. मी नाही ती ब्याद तोंडात घेणार."

डेस्मंड रोज दारातून वाक्य म्हणून वरच्या मजल्यावर जात. (संशोधक तटस्थ असावा लागतो.) शंभर पाळ्यांनंतर निकाल आला. रुग्णांच्या संख्येत फरक नाही. डेस्मंड खचले. मग त्यांना दिसलं, की 'शांत' पाळ्यांत रुग्णांना बारा मिनिटं लवकर तपासलं जात होतं. फरक! एका शब्दाचा, विनामूल्य, दुष्परिणाम नसलेला उपचार सापडला. निबंध वैद्यकीय मासिकात छापून आला, आणि निवड समितीने मुलाखतीची तारीख दिली, पुढच्या वर्षअखेरीची.

व्यवस्थापनाला विनामूल्य उपचारांचं फार वेड. प्रत्येक पाळीला घोषणा सक्तीची झाली, तिची नोंद ठेवली गेली, आणि वर्षअखेर त्या नोंदींतूनच सिद्ध झालं की विभागात एक हजार पंचाण्णव पाळ्या सलग शांत गेल्या. इतक्या शांत विभागात दर पाळीला दोन परिचारिका जास्तीच्या होत्या, हे ओघाने आलं. त्या कमी केल्या.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ग्लेनिसबाई खुर्ची न मागता बसल्या.

"तुझ्या शब्दाने काही केलं नाही, डेस. आम्ही घाबरलो म्हणून धावलो. चहासुद्धा उभ्याने ढोसला. आता रोजच ऐकतो, तर भीतीही मेली आणि माणसंही गेली. एवढं एक वाक्य छापून दे. माझ्या पोरी परत येतील."

"ते लिहिलं तर निष्कर्ष काय उरेल, ग्लेन?"

"खरा."

"तो मी सात वेळा दिलाय," डेस्मंड म्हणाले. "सातही वेळा उन्हातच गाडी लावली."

तरीही ते निर्दय नव्हते. त्यांनी मासिकाला त्याच दिवशी एक पुरवणी वाक्य पाठवलं: या विषयावर आणखी संशोधनाची गरज आहे.

आता कोणी काय भरलं ते. डेस्मंड यांना खुर्ची, खिडकी, सावली मिळाली. त्यांनी काहीच भरलं नाही. व्यवस्थापनाने पगार वाचवले. उरलेल्या परिचारिकांनी गुडघे भरले, कमी केलेल्यांनी नोकरी. बाकीची सगळी रक्कम रुग्णांनी भरली, तासांत, बाकड्यावर बसून. त्यांची मात्र काही तक्रार नाही. समाधानाची पाहणी झाली तेव्हा शंभरातल्या एक्याण्णवांनी 'अत्यंत समाधानी' वर खूण केली. तो कागद तपासणीच्या आधी हातात देतात, आणि सुई टोचणारी समोरच उभी असते.

हसू नका. मागच्या वेळी तुम्हीही तिथेच खूण केली होती.