निकषात बसलेला चेहरा

ज्यांनी मरणोत्तर डोळे दिले त्यांचे चेहरे जनतेला दिसावेत, म्हणून रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर त्यांची छायाचित्रे लावायचे ठरले. छायाचित्र आठ बाय दहा इंचांचे आणि दर इंचाला तीनशे ठिपक्यांचे असावे, एवढीच अट होती. त्यांत एका शिंप्याची बायकोही होती; त्याला बरे वाटले. जन्मभर शिलाई मशीनच्या आड बसून काजे-बटणे करणारी आपली बायको निदान आता चारचौघांत दिसेल.

तिचा एकच फोटो होता, भाच्याच्या लग्नातल्या गर्दीतून कापून काढलेला. रुग्णालयाच्या कारकुनाने तो संगणकावर उघडला आणि इंचाला ठिपके अवघे बहात्तर भरत असल्याचे खेदपूर्वक कळवले.

फोटोवाल्याने बहात्तरच्या जागी तीनशे लिहून दिले. फोटो आकसून दोन इंचांवर आला. ठिपके होते तेवढेच आहेत काका, फक्त दाटीने बसवले, असे तो म्हणाला. शिंप्याला ते लगेच पटले; उभा जन्म कापड बेतण्यात गेला होता. कारकुनाने मात्र 'ठिपके योग्य, माप आखूड' असा शेरा मारला.

दुसऱ्या खेपेला माप वाढवले आणि मधले ठिपके संगणकाने पदरचे घातले. दोन्ही आकडे जुळले, पण बायको धुक्यातून चालत आल्यासारखी दिसू लागली. आता वरिष्ठांनी 'अस्पष्ट' असा शेरा मारला आणि उद्घाटन शुक्रवारी असल्याची आठवण करून दिली.

अखेर फोटोवाल्याने 'चेहरा सुधारा' हे बटण दाबले. नाक सरळ झाले, दात रांगेत आले. कारकुनाने तत्काळ मंजुरी दिली.

"साहेब, ही माझी बायको नाही," शिंपी म्हणाला.

कारकुनाने अर्ज दोनदा चाळला. "चेहरा कोणाचा, असा रकाना नाहीये यात. ठिपके बरोबर आहेत, माप बरोबर आहे. तक्रार नेमकी कशाची?"

"हिचं तोंडच वेगळं आहे."

"मग जागा रिकामी ठेवू का?"

खाली नाव तरी तिचेच राहील, अशी मनाची समजूत घालून शिंप्याने सही केली.

शुक्रवारी सगळे नातेवाईक जमले. हुबेहूब आहे, असे एकमत झाले. धाकट्या जावेने तर डोळे पुसले. शिंप्याला भडभडून आले, ते कशाने हे कुणी विचारले नाही. लेकीने त्याला भिंतीसमोर उभे करून मोबाइलवर फोटो काढला आणि, आपण सगळेच करतो तसा, पाठवण्याआधी जरा नीट करून घेतला.

"बघा बाबा, किती छान आलाय."

शिंपी फोटोतल्या त्या गृहस्थाकडे बराच वेळ पाहत राहिला.