सारवलेला चक्रव्यूह

चिमाजी सुट्टीत पुण्याहून आंबवड्याला आला तो एक पांढरा उंदीर आणि लाकडी चक्रव्यूह घेऊन. चक्रव्यूह म्हणजे चौरंगाएवढी उघडी पेटी. आत फळ्यांच्या गल्ल्या, त्यातली एकच गुळाच्या खड्यापाशी पोचणारी. पहिल्यांदा भिंतींवर नाक आपटणारा उंदीर आता एकही वळण न चुकता गुळापाशी जायचा. बनाआत्या कामधाम टाकून बघत बसायची आणि दर वेळी हात जोडायची.

पण चिमाजीच्या प्रोफेसरांना हे पटत नव्हतं. उंदराला वाट आठवत नाही, तो स्वतःच्याच वासावरून चालतो, असं त्यांचं म्हणणं. आज ते स्वतः बघायला येणार होते. त्यांची खात्री पटली नाही तर चिमाजीचं वर्ष वाया जाणार होतं.

तो त्यांना आणायला भोरला गेला आणि इकडे पाहुणा येणार म्हणून आत्याने घर सारवायला घेतलं. ओसरी झाली, पडवी झाली. पडवीतल्या पेटीत मात्र उंदराने घाण करून ठेवलेली. शेणकाला थोडा उरला होताच. तिने गल्ली न् गल्ली निगुतीने सारवली, उन्हात वाळवली आणि उंदराच्या दाराशी चिमूटभर रांगोळीही घातली.

चिमाजीने आल्या आल्या ते पाहिलं आणि तो पेटीकडे धावला.

"आत्या, काय केलंस हे?"

"आरं, पावनं येनार. उंदराचंच घर तेवढं घान ठिवायचं व्हय?"

प्रोफेसरांनी वाकून शेणाचा वास घेतला. म्हणाले, "सोडा उंदराला."

उंदीर दारात थबकला, रांगोळी हुंगून मागे सरला. चिमाजीने डोळे मिटून घेतले. मग उंदीर डावीकडे वळला, उजवीकडे वळला, कुठेही न अडता सरळ गुळाला जाऊन भिडला.

बोराएवढ्या त्या डोक्यात सगळी वाट साठवलेली होती. प्रोफेसरांनी नकळत टोपी काढली. आत्याचे डोळे भरून आले.

"वास पुसून टाकायची ही युक्ती कोणाची?" प्रोफेसरांनी विचारलं.

आता बोलणी बसणार, असं वाटून आत्याने पदर सावरला. "म्याच सारवलं, सायेब. पन निस्ती भुई. भितींना शेन पुरलं न्हाई."

"म्हणजे भिंतींचा वास राहिलाच," म्हणत प्रोफेसरांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि ते कोटाच्या बाह्या दुमडू लागले. आत्याने शेणाची पाटी चिमाजीच्या हातात दिली. कॉलेजात शिकणारा तिचा भाचा निमूटपणे गोठ्याकडे गेला.

भिंती वाळल्यावर उंदीर पुन्हा तसाच गुळापाशी पोचला आणि चिमाजीचं वर्ष वाचलं. निघताना प्रोफेसरांनी प्रयोगशाळेसाठी आत्याकडे पाटीभर शेण मागून घेतलं. पुण्यात गाई नसतात का, असं विचारावं असं तिला फार वाटलं. पण पाहुण्याला कसं विचारणार, म्हणून तिने पाटी तेवढी काठोकाठ भरून दिली.