राणीसाहेबांचा हार पास

साखरपुड्यानंतर चौथ्या दिवशी श्रीरंजनीचं बोट गाजरासारखं लाल होऊन सुजलं. अंगठी उतरवायला अर्धी साबणाची वडी, वाटीभर खोबरेल आणि तिच्या आईचे दोन्ही हात खर्ची पडले.

अंगठी कुशलने दिलेली होती. कुशल कराडचा. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात गाडीच्या दारांच्या चकचकीत मुठी तपासणं हे त्याचं काम. केसाएवढा ओरखडा दिसला तरी मूठ नापास. सहा वर्षांत त्याने एकही खोटा ‘पास’ दिला नव्हता, त्यामुळे कारखान्यात त्याला मान होता आणि जेवायला सोबत कोणी नव्हतं. अशा माणसाने टी. नगरातल्या दुकानदाराच्या बोलण्यात येऊन पांढऱ्या सोन्याची अंगठी घेतली होती.

मैलापूरला सासरेबुवांनी त्याला समोर बसवून घेतलं. राघोत्तमराव रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या मराठी लोकांचं. बाहेरचा, महाराष्ट्रातला मुलगा जावई करावा की नाही यावर त्यांनी आठ महिने विचार केला होता आणि तो अजून पुरता संपला नव्हता.

“माप्पिळ्ळै,” ते म्हणाले. जावयाला ते मराठीत हाक मारत नसत. “सोनें देवाने पिवळें केलें. त्याला पांढरें कशाला करावें?”

कुशलने समजावलं, की सोनं पांढरं दिसावं म्हणून कधीकधी त्यात निकेल घालतात आणि काहींच्या कातडीला निकेल सोसत नाही. अशांनी बावीस कॅरटचं पिवळं सोनं घ्यावं, नाहीतर प्लॅटिनम. राघोत्तमरावांचा चेहरा हलला नाही. तेव्हा कुशल म्हणाला, “मामा, पुरावाच दाखवतो.”

दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या बसमधून उतरला तो खिशात एक बाटली घेऊन. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकायचे, अर्धं मिनिट दागिन्यावर घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. अंगठीवर तो गुलाबी झाला. राघोत्तमराव खूश झाले. जावई चुकल्याचा पुरावा जावयानेच आणून दिला होता.

मग घराला चेव चढला. श्रीरंजनीची कानातली आली, गुलाबी. मामांच्या पट्ट्याचं बक्कल, गुलाबी. सासूबाईंच्या, म्हणजे अंबुजामामींच्या, बांगड्या आल्या, कापूस पांढराच राहिला, मामी सुखावल्या. शेवटी राघोत्तमराव उठले आणि कपाटातून लाल मखमलीची पेटी घेऊन आले.

“आता खरें सोनें बघा.”

तो हार कुशलने अजून पाहिला नव्हता, ऐकला मात्र अकरा वेळा होता. राघोत्तमरावांच्या खापरपणजींना तंजावरच्या राणीसाहेबांनी तो गळ्यातून काढून दिला होता. घरातली प्रत्येक नवरी तो घालूनच बोहल्यावर उभी राहायची. अंबुजामामींनी घातला होता, आता श्रीरंजनी घालणार होती.

कुशलने हाराच्या मागच्या बाजूवर बोळा घासला. कापूस गुलाबी झाला. नुसता गुलाबी नाही, बीटरूट कापल्यासारखा. राणीसाहेबांच्या काळात निकेलचा मुलामा कुठल्या कारखान्यात देत असत, हा प्रश्न त्याला पडला आणि त्याने बोळ्यावर मूठ मिटली.

“काय आलें?” राघोत्तमराव पुढे वाकले.

कुशलने त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस उभं आयुष्य बिलं तपासत बसला होता. सांगण्यासारखी राणी त्याच्याकडे एवढी एकच होती.

“पास,” कुशल म्हणाला.

“बेस,” म्हणून राघोत्तमरावांनी त्याचा खांदा थोपटला. आठ महिने चाललेला विचार त्या क्षणी संपला.

घरी परतताना कुशलच्या लक्षात आलं, की लग्न तर जमलं, पण बोहल्यावर तीनशे पाहुण्यांसमोर नवरीचा गळा अंगठीच्या बोटासारखा होणार. हार चमकवून आणतो असं त्याने फोनवर सुचवून पाहिलं. राणीसाहेबांची वस्तू उंबरठ्याबाहेर जात नाही, असं उत्तर मिळालं. कारखान्यातल्या एका बाईने मग तोडगा सांगितला: मागून बिनरंगाची नेलपॉलिश लावायची, धातू कातडीला लागतच नाही.

रविवारी सकाळी मामा देवळात गेल्याचं पाहून तो पोचला. हार पुन्हा एकदा डोळे भरून पाहायचा आहे, असं त्याने सांगितलं. मामींनी पेटी दिली आणि त्या कॉफी करायला आत गेल्या. कुशलने हार उलटा केला, बाटली उघडली आणि तीन पाकळ्या रंगवल्या. चौथ्या पाकळीला समोर कॉफीचा पेला दिसला.

मामी पाहत उभ्या होत्या.

“तसं फासू नका, ओघळ येतो,” त्या म्हणाल्या आणि खाली बसून त्यांनी ब्रश हातात घेतला. “कडेकडेने लावायचं. सव्वीस वर्षं मी दर दिवाळीला लावते. यंदा तुमच्या साखरपुड्याच्या गडबडीत राहून गेलं, म्हणून तुमचा कापूस रंगला.”

“तुम्हाला दिसला होता?”

“मूठ मिटली की दिसतंच.” त्यांनी पाकळीवर फुंकर घातली. “माझ्या लग्नात तिसऱ्या दिवशी गळा सोलून निघाला होता. यांना उकाड्याने झालं म्हणून सांगितलं. तुम्हीही बोलू नका. राणी गेली तर हे जेवायचे नाहीत.”

कुशलने मान डोलावली. दोघांनी मिळून हार संपवला आणि पंख्याखाली वाळवला.

लग्नाच्या दिवशी श्रीरंजनीचा गळा शाबूत होता. बोटात प्लॅटिनमची नवी अंगठी होती. राघोत्तमराव पाहुण्यांच्या प्रत्येक घोळक्याला हाराजवळ आणून राणीसाहेबांची गोष्ट सांगत होते आणि शेवटी जावयाकडे बोट दाखवत होते, “कारखान्याची तपासणी झाली आहे. पास.” पाहुणे कुशलकडे आदराने पाहत होते.

घोळका पांगला तसे ते जावयाच्या कानाशी वाकले.

“पॉलिशचे दोन हात दिलेत ना?” त्यांनी हळूच विचारलं. “अंबुजा नेहमी एकच देते. संध्याकाळपर्यंत टिकत नाही.”